केसरबाईंपासून केप व्हर्दपर्यंत: गोव्यात बसून जगभरचं संगीत कसं शोधायचं आणि कुणाला कसं पाठवायचं

"मी सगळ्या प्रकारचं ऐकतो" असं सांगणारे खूप भेटतात, आणि फोन उघडून बघितला तर तीच पंचवीस-तीस हिंदी गाणी, दोन अभंग, एक कुठलंतरी स्पॅनिश हिट जे रीलमुळे आलं आणि तसंच राहिलं. दोष त्यांचा नाही. ॲप तुम्हाला तेच देतं जे तुम्ही काल ऐकलंत, आणि "वर्ल्ड म्युझिक" नावाची तयार प्लेलिस्ट लावली तर त्यात सतराशे साठ देशांतलं काहीतरी वाजतं, छान वाटतं, आणि संध्याकाळपर्यंत एकही नाव आठवत नाही. माझं साधं म्हणणं असं की वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकायचं तर प्रकार मोजत बसू नका, एक धागा धरा आणि तो नेईल तिकडे जा. आणि गोव्यात राहणाऱ्याला धागे शोधायला लांब जायला लागत नाही, चवथीची आरती, चर्चच्या फेस्ताचा बँड, जात्रेचं नाटक, सगळं दहा किलोमीटरच्या आत.

पहिलं काम: एक तयार यादी, तीही आपल्याच बाईंमुळे

फोंडा तालुक्यातलं केरी (सत्तरीतलं नव्हे, पेडण्यातलंही नव्हे) हे गायिका केसरबाई केरकरांचं गाव, जन्म १३ जुलै १८९२. त्यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साधारण साडेतीन मिनिटांची रेकॉर्ड १९७७ मध्ये नासाच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि बाई १६ सप्टेंबरला गेल्या. इथपर्यंतची गोष्ट गोव्यात शाळेतल्या पोराला पण माहीत असते. पण त्या तबकडीवर एकूण २७ तुकडे आहेत, ते सगळे कुणी ऐकलेत का विचारा, गप्प होतात सगळे.

तर सुरुवात तिथून. बाख आहे, बीथोव्हन आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे, सेनेगलचे ढोल, जावाचं गामेलान (काशाच्या वाद्यांचा ताफा), जॉर्जियातल्या पुरुषांचं कोरस, पेरूचे पावे, जपानची 'शाकुहाची' नावाची बासरी, नवाहो लोकांचा मंत्र. सगळी यादी एका दमात ऐकायला साधारण दीड तास लागतो, पण तसं करू नका, डोकं भणभणतं. आधी फक्त क्रमांक २४, २५, २६ लावा. २४ वर चीनचं सात तारांचं गुचिन, साडेसात मिनिटांचं, एक एक स्वर घसरत घसरत येतो, मींड म्हणा ना. २५ वर केसरबाई. आणि २६ वर अमेरिकेतला ब्लाइंड विली जॉन्सन, स्लाइड गिटार आणि नुसतं गुणगुणणं, शब्द जवळजवळ नाहीतच. तिन्ही सलग ऐकलंत की लक्षात येतं की ज्याने कुणी हा क्रम लावला त्याला नक्की काय ऐकू येत होतं: तिन्हीत स्वर उभा राहत नाही, सरकतो. एवढं कानात बसलं की "मला शास्त्रीय समजत नाही" आणि "मला इंग्लिश समजत नाही" ही दोन्ही रडगाणी एकदम बंद होतात.

मग उरलेले २४ तुकडे रोज दोन-तीन करत संपवा, आणि प्रत्येकापुढे वहीत नुसतं "परत" किंवा "नको" लिहा. जे "परत" निघतील तेच तुमचे धागे.

धागा कसा धरायचा

तीन प्रकारे धरता येतो: वाद्य धरून, माणूस धरून, किंवा वाट धरून. मला स्वतःला वाद्य सगळ्यात सोपं वाटतं, कारण कान वाद्याला पटकन ओळखतो, भाषेचा प्रश्नच येत नाही.

घुमट घ्या. मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंड, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड उघडं, आणि एका हाताने चामड्यावर थाप मारताना दुसऱ्या हाताच्या तळव्याने ते लहान तोंड उघड-झाक करायचं, त्यामुळे तो "घुंऽऽव" असा वर चढणारा किंवा खाली उतरणारा आवाज निघतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित झाली, त्यामुळे आता बकरीचं लावतात, आणि जुने वाजवणारे अजून कुरकुरतात की तो आवाज येत नाही (थोडं खरं आहे, पण घोरपड जगायला हवी की नको). २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. आता मजा बघा: हेच घुमट चवथीला आरतीत शामेळ (ढोलकं) आणि कासाळ्यांबरोबर (झांजांबरोबर) वाजतं, आणि हेच घुमट दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत मांडोला, म्हणजे संथ कोंकणी नाचगाण्याला, व्हायोलिनबरोबर वाजतं. आरतीत ते धावतं, मांडोत ते जवळजवळ चालतं. दोन्ही रेकॉर्डिंगं पाठोपाठ लावा आणि फक्त घुमटाकडे कान ठेवा, गाण्याकडे नको.

तिथून पुढे: आंध्रात बुर्रकथेत गुम्मेटा नावाचं जवळपास हेच वाद्य आहे, जोडीदार ते वाजवतात आणि मुख्य गायक गोष्ट सांगतो. काश्मीरमध्ये मडकंच वाजवतात, नूट म्हणतात. कर्नाटक संगीतात घटम, त्याला चामडंच नाही. आणि नायजेरियातल्या इग्बो लोकांचा उडू, मडक्याच्या बाजूला एक भोक, त्यावर तळवा मारला की तोच खालून वर सरकणारा आवाज. बघा, एका घुमटावरून तुम्ही आरती, मांडो, तेलुगू लोककथा, काश्मिरी गाणी, कर्नाटक कचेरी आणि पश्चिम आफ्रिका फिरून आलात आणि कुठेही "आता काहीतरी वेगळं ऐकूया" असं ठरवून ऐकलं नाही.

माणूस धरायचा तर गोव्याइतकं भांडवल कुणाकडे नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन व्हायोलिन शिकले, त्यांचंच नाव प्यारेलालनी १९७७ च्या त्या अमिताभच्या गाण्यात अमर केलं. सेबॅस्टियन डिसोझा, शंकर-जयकिशनचे ॲरेंजर. चिक चॉकलेट म्हणजे अँतोनियो शावियेर वाझ, ट्रंपेटवाले, सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले, ज्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आता करायचं काय, तर जुन्या हिंदी गाण्यांत गायक सोडून द्या, सुरुवातीचा आणि मधला वाद्यांचा तुकडाच ऐका, ट्रंपेट कुठे येतो ते पकडा, मग खरा आर्मस्ट्राँग लावा (तोही त्या सोन्याच्या तबकडीवर आहे, क्रमांक १४), मग कोंकणी गाण्यातली जोडी लावा, संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना. कोंकणी गाणं आणि जॅझ यांच्यात भिंत होती असं तुम्हाला वाटत असेल तर लॉर्नाचा आवाज दोन ओळींत ती पाडतो. कोंकणी आणि मराठीवरून आपल्याकडे अजून वाद घालणारे आहेत, त्यांना पण हे ऐकवा, निदान तेवढा वेळ शांत बसतील.

वाट धरायची म्हणजे जहाजाची. मांडो हा साष्टीत १९ व्या शतकात घडला. त्याच पोर्तुगीज वाटेवर लिस्बनला फादो नावाचं गाणं आहे आणि पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर मोर्ना. फादोची आमालिया रॉद्रिगिश ऐका, मोर्नाची सेझारिया एव्होरा ऐका, फादो गाणारी आपल्याकडची सोनिया शिरसाट ऐका. युनेस्कोच्या यादीत फादो २०११ ला आला, मोर्ना २०१९ ला. भाषा कळत नाही म्हणून अडू नका, घरापासून लांब असलेल्या माणसाचं गाणं आहे हे पहिल्या कडव्यात कळतंच.

शोधताना लागणाऱ्या युक्त्या

सर्चमध्ये सगळ्यात जास्त माणसं स्पेलिंगमुळे अडतात. कोंकणी गाणी रोमी लिपीत (इंग्रजी अक्षरांत) टाकलेली असतात आणि तिथे श साठी एक्स वापरतात, ड कधी एक डी ने कधी दोन डी ने, जागोर जे ने पण मिळेल आणि झेड ने पण. मांडो, शिगमो, दुलपद, देखणी असे गोव्यातले सगळे प्रकार दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा, आणि देवनागरीत पण एकदा टाका, निकाल पूर्ण वेगळे येतात. नाट्यगीतांचं उलटं, तिथे देवनागरीतच माल सापडतो.

वाद्यवृंदात कोण होतं ते शोधायचं तर डिस्कॉग्ज ही वेबसाइट बघा, तिथे रेकॉर्डच्या मागचे क्रेडिट लोकांनी टाकलेले असतात, एका वादकाच्या नावावर टिचकी मारली की तो आणखी कुठे वाजलाय ती यादी येते, धागा धरणाऱ्याला यापेक्षा काय हवं. जुन्या ७८ आरपीएम साठी इंटरनेट अर्काइव्ह. रेडिओ गार्डन नावाच्या ॲपवर पृथ्वीचा गोळा फिरवून कुठल्या कुठल्या गावांची स्टेशनं लाइव्ह ऐकता येतात, तिथे प्राया (केप व्हर्द), लिस्बन, मापुतो (मोझांबिक) असं फिरून या. आणि आकाशवाणी पणजी विसरू नका. कोंकणी, मराठी, भजन, कांतारां (तियात्र या कोंकणी नाटकातली गाणी) सगळं एका दिवसात ऐकवणारं दुसरं कोण आहे.

ॲपच्या अल्गोरिदमसाठी एकच सांगतो: शोधायचं काम वेगळ्या प्रोफाइलवर करा. नाहीतर एकदा गामेलान लावलं की महिनाभर झोपेचं संगीत सुचवत बसतं, आणि घरात बाकीच्यांचं पण त्याच अकाउंटवर चालू असेल तर भजन आणि बेबी शार्क यांची जी काही खिचडी होते ती न बोललेलीच बरी.

घरातल्या कॅसेट

आता जरा निवांत, कारण खरा खजिना इथे आहे आणि तो दर पावसाळ्याला थोडा थोडा मरतोय. गोव्यातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात कपाटावर एक पुठ्ठ्याचा बॉक्स असतो: गावच्या उत्सवी नाटकाचं रेकॉर्डिंग, वास्कोच्या सप्ताहात कुणी धरून ठेवलेलं भजन, तियात्राच्या कांतारांच्या कॅसेट, आजोबांनी रेडिओवरून उतरवलेली मैफल. हे ऑनलाइन कुठेच नाही.

कॅसेट उघडून आधी उजेडात धरा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी, ती कॅसेट प्लेयरमध्ये अजिबात घालू नका, हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या चांगल्या कॅसेटना लागते. अशा वेगळ्या काढून झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, नंतर जाणकाराकडे द्या. मग आतलं ते छोटं फेल्टचं पॅड बघा, टेप हेडवर दाबून धरणारं, ते गळून पडलेलं असेल तर आवाज एकदम दबका येतो आणि लोकांना वाटतं टेप गेली. टेप गेलेली नसते. स्क्रूवाली कॅसेट असेल तर खोलून टेपची दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवायची, बस.

बाकी ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं चिकटलेली टेप सैल होते. प्लेयरचं हेड आणि रबरी चाक इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. प्लेयरच्या लाइन आउट किंवा हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला. बऱ्याच लॅपटॉपला आता फक्त माइकचं भोक असतं आणि ते मोनो असतं, म्हणून स्टिरिओ इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर घ्या, महाग नाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागेला उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा, लाल झालं की फाटलं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. पूर्ण बाजू सलग उतरवा, गाणी नंतर कापा.

आवाज साफ करण्याचा मोह आवरा. खरखर काढायला गेलात की टाळ पण जातो आणि तंबोऱ्याचा वरचा झंकार पण. मूळ फाइल तशीच ठेवा, साफ केलेली वेगळी. कव्हरच्या कागदाचा फोटो काढा, आणि घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून विचारा: आजी, हा पेटीवर कोण? ते साल कुठलं? ही माहिती टेपवर नाही, आजीकडे आहे.

प्रत्यक्ष ऐकणं

यावर फार लिहीत नाही, गोव्यात राहून कुणाला रस्ता दाखवायला नको. कला अकादमीत सूरश्री केसरबाई केरकर समारोह, जुन्या गोव्यात माँतीच्या कपेलाकडे संगीत महोत्सव, डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव, शिगम्याचे रोमटामेळ (ढोल-ताशांच्या मिरवणुका). एक मात्र करा: जिथे सहसा जात नाही तिथे वर्षातून एकदा जा. फोंड्या-डिचोलीतल्या आपल्या लोकांनी मडगावच्या रवींद्र भवनात जाऊन एक तियात्र बघा. दोन पडद्यांच्या (म्हणजे अंकांच्या) मध्ये कांतारां येतात, खाली ट्रंपेट-सॅक्सोफोन-ड्रमचा बँड लाइव्ह वाजतो, आणि राजकारण्यांची नावं घेऊन जी सालटी काढतात ती ऐकून संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला घाम फुटेल. पहिला तियात्र मुंबईत १८९२ ला झाला, म्हणजे केसरबाईंच्याच जन्मसाली.

पाठवायचं कसं

इथे बहुतेकांचं बिनसतं. पन्नास जणांच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सहाला चार लिंका टाकल्या की कुणी ऐकत नाही, अंगठा टाकतात आणि पुढे जातात. एक गाणं, एक माणूस, कधीतरी. आणि त्या माणसाला आधीच काय आवडतं त्याला जोडूनच पाठवायचं. तबल्यावर जीव असलेल्याला सेनेगलचे ढोल. तियात्रवाल्या मित्राला मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचं नाट्यपद, कारण दोन्ही शेवटी रंगमंचावरून मागच्या रांगेपर्यंत फेकलेलं गाणं आहे. हणजुण्याच्या ट्रान्सवर वाढलेल्या भाच्याला गामेलान, तासभर तेच तेच फिरत राहणं त्याला समजावून सांगायला लागत नाही.

लिंकबरोबर तीन ओळी हव्यातच: काय आहे, कुठे कान ठेवायचा, किती वेळ लागेल. भजनी मंडळातल्या काकांना मी असं लिहीन:

"काका, हे आंध्रातलं बुर्रकथा म्हणून असतं, आपल्या कीर्तनासारखं गोष्ट सांगतात. भाषा सोडा, बाजूचे दोघं जे वाजवतायत ते आपल्या घुमटाचं भावंड आहे, तिसऱ्या मिनिटापासून बघा. पाच मिनिटं काढा, आणि तुमच्या कासाळ्यावाल्याला दाखवा."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ज्याला पाठवता त्याला ते पुढे दाखवायला एक माणूस सुचवून ठेवलात की गाणं खरोखर ऐकलं जातं. उत्तर आलं नाही तर "ऐकलं का" म्हणून मागे लागू नका. आणि त्यांच्याकडून उलट एक मागून घ्या, नाहीतर तुम्ही नुसते मास्तर होता.

फाइल की लिंक? हयात कलाकाराचं असेल तर लिंकच, किंवा त्याची सीडी-पेनड्राइव्ह विकत घ्या, तियात्रवाले थिएटरच्या दारात विकतात. मोबाइलवर धरलेलं तियात्र अपलोड करणं तर सरळ त्यांच्या पोटावर पाय. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणून जुनं आहे म्हणजे मोकळं आहे असं धरून चालू नका. गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग टाकायचं तर आधी बुवांना विचारा. बहुतेक हो म्हणतात, पण न विचारता टाकलं तर देवळात तोंड दाखवायची पंचाईत.

आणि एकत्र बसून

महिन्यातून एकदा चार-सहा जण बाल्कांवात (घराच्या पुढच्या ओसरीवर) बसा. प्रत्येकाने दोनच गाणी आणायची आणि कुणीही चार मिनिटांपेक्षा लांब काही लावायचं नाही, निदान पहिल्या तासात. जुन्या ७८ च्या रेकॉर्डी त्यासाठी आयत्याच, एका बाजूला साधारण तीन मिनिटांची जागा असायची आणि मोठमोठ्या गवयांनी अख्खा राग त्यात बसवलाय. वाजवण्याआधी अर्धं मिनिट बोला, वाजताना कुणी बोलायचं नाही, यावर मात्र कडक राहा, कारण आपल्या लोकांना गाणं चालू असतानाच त्या गायकाच्या मेव्हण्याची गोष्ट आठवते.

क्रम लावताना एकातून दुसऱ्यात पूल ठेवा. केसरबाईंच्या भैरवीनंतर स्पेनचं फ्लामेंको लावून बघा: भैरवीत रे ग ध नी कोमल, युरोपात त्याच सप्तकाला फ्रिजियन म्हणतात आणि फ्लामेंको त्याच्याच आसपास घुटमळतं. मांडोनंतर दुलपद आलंच पाहिजे, संथ संपून पाय हलायला लागतात, आणि तिथून थेट लॉर्ना. ब्लूटूथ स्पीकर दुपारीच चार्ज करून ठेवा, पावसाळ्यात वीज जाणारच. रात्री दहानंतर अंगणात लावायचं नाही, नियम आहेच आणि शेजारी पण.

आणि वाजवलेल्या सगळ्या गाण्यांची यादी, कोण गातंय-कोण वाजवतंय सकट, त्याच रात्री सगळ्यांना पाठवा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर सकाळपासून फोन सुरू होतात: अरे, ते चहा आला तेव्हाचं गाणं, ते कोणाचं होतं रे?